पोस्टकार्डविनिमय, आंतरराष्ट्रीय शालेय

दोन किंवा अधिक देशांतील शाळांच्या वर्गांनी आधी ठरवून, ठरावीक मुदतीत एकमेकांना टपालाने कार्डे पाठविण्याचा उपक्रम. पत्रमैत्रीत दोन व्यक्ती असतात. येथे पत्ता शाळेचा आणि उत्तराची जबाबदारी वर्गाची असते.

उगम : या प्रथेचे जनकत्व बहुधा पॉल मियेई या फ्रेंच इंग्रजी-शिक्षकाला दिले जाते. १८९६–९७ च्या सुमारास त्याने परभाषा शिकणाऱ्या मुलांच्या जोड्या जुळविण्याची योजना मांडली, इंग्लंडमध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने आपल्या मासिकातून आणि जर्मनीत लाइपसिकच्या मार्टिन हार्टमान याने तिला उचलून धरले. मात्र ही योजना मुलामुलांमधील पत्रांची होती; वर्ग हा पत्रलेखक नव्हता. ‘वर्गाने वर्गाला’ हे रूप पहिल्या महायुद्धानंतरचे. ज्युनिअर रेडक्रॉसच्या शाळांनी मुलांनी मिळून केलेले चित्रांचे व माहितीचे संग्रह परदेशी धाडले. सेलेस्ताँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२६ पासून आपल्या वर्गाचा छापील मजकूर फ्रान्सच्याच ब्रेतान्य प्रांतातील रने दानिएलच्या शाळेशी नियमित अदलाबदलीला घातला. हा दुसरा विनिमय देशांतर्गत होता. तरीही आजच्या उपक्रमाची घडण मियेईपेक्षा त्याच्याच अधिक जवळची दिसते.

कार्डाचा वापर शालेय पत्रव्यवहारात मागाहून रुळला असावा, आणि त्याचे एक कारण कार्डाच्या रचनेत आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी पहिले सरकारी पोस्टकार्ड काढले. कल्पना ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ एमान्युएल हेरमानची की त्याआधी १८६५ मध्ये ती सुचविणाऱ्या प्रशियन टपाल-अधिकारी हाइन्रिख फोन श्टेफानची, हा वाद जुना आहे. प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय हेरमानकडे जाते. १८७४ च्या बर्न करारान्वये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या सदस्य-देशांत कार्डाचा दर पत्राच्या निम्मा ठरला. भारत १८७६ मध्ये संघात आला आणि जुलै १८७९ मध्ये येथे पाव आण्याचे देशांतर्गत व दीड आण्याचे परदेशी कार्ड सुरू झाले. पण चित्रकार्डाची मागची बाजू निव्वळ पत्त्यासाठी राखीव होती. मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. मागे उभी रेघ मारून डावीकडे मजकूर लिहिण्याची मुभा ब्रिटनने १९०२ मध्ये, अमेरिकेने १९०७ मध्ये दिली. त्यानंतरच मुलांना चार ओळी नीट लिहिण्याजोगी जागा मिळाली.

पद्धती : जोडपद्धतीत दोनच वर्ग असतात. गटपद्धतीत सहा ते आठ वर्ग एकमेकांना पाठवितात. आठ वर्गांच्या गटात प्रत्येकाला सात पाकिटे, म्हणजे एकूण ५६ पाकिटे जातात. तीस मुलांनी प्रत्येकी प्रत्येक वर्गासाठी कार्ड करायचे म्हटले तर एका वर्गावर २१० कार्डांचे काम पडते. म्हणून गटपद्धतीत प्रत्येक वर्गासाठी पाच-सहा कार्डेच ठरविणे बरे. तिसरी पद्धत पोस्टक्रॉसिंग या संकेतस्थळाची. २००५ मध्ये पोर्तुगालमध्ये सुरू झालेल्या या योजनेत पत्ता यादृच्छिक मिळतो. नव्या खात्यावरून एका वेळी पाचच कार्डे पाठविता येतात. कार्डावर ओळखक्रमांक लिहायचा राहिला, की मिळालेले कार्डही नोंदविणे अवघड जाते.

कृती : कार्ड किमान ९० × १४० व कमाल १२० × २३५ मिमी. असावे. कागद चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचा. वह्यांचा पुठ्ठा वाकतो, चमकी आणि चिकटविलेली पाने यंत्रात सुटतात. पत्ता उजव्या अर्ध्या भागात, रोमन लिपीत व आंतरराष्ट्रीय (1, 2, 3) आकड्यांत. शेवटच्या ओळीवर देशाचे नाव मोठ्या अक्षरांत. तळाचा सुमारे दीड सेंमी. पट्टा कोरा सोडावा, तेथे यंत्र संकेतरेषा छापते. जेल पेनाची शाई ओल लागताच पसरते; बॉलपेन सुरक्षित. बिया व वाळलेली फुले घालू नयेत, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये ती जैवसुरक्षा तपासणीत अडकतात. कार्ड उघडे जाते, त्यामुळे मुलाचे पहिले नाव पुरे. आडनाव व घरचा पत्ता नको.

तिकिटे टपाल कचेरीत दर विचारूनच लावावीत. कमी पडल्यास कार्ड परत येते किंवा पलीकडे जादा आकार मागितला जातो. शक्य तर खिडकीवरच शिक्का मारून घ्यावा. तीस कार्डे एका पाकिटात सुमारे शंभर ग्रॅम भरतात आणि स्वस्त पडतात, पण तिकीट व शिक्का असलेले सुटे कार्ड हातात पडण्यातली गंमत जाते. पाकीट हरवले तर सगळाच वर्ग कोरडा राहतो. पाठविण्यापूर्वी दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन कार्डांना क्रमांक द्यावेत, तीन-चार कार्डे जास्तीची करावीत. पलीकडचा पट मोठा निघतोच.

बिघाड : सर्वांत जास्त कार्डे सुट्टीत अडकतात. महाराष्ट्रातील शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि जुलैत पाठविलेले कार्ड युरोपात बंद शाळेच्या दारात पडते. ऑगस्टच्या मध्यास टाकलेले सप्टेंबरमध्ये वर्गात पोहोचते. ऑस्ट्रेलियात डिसेंबर-जानेवारी टाळावा. उत्तर मागवायचे तर दिवाळीची सुट्टी जमेस धरावी. १ ऑक्टोबर (जागतिक पोस्टकार्ड दिन) आणि ९ ऑक्टोबर (जागतिक टपाल दिन) या तारखा अनेक वर्ग गाठू पाहतात. टपाल दिन टपाल संघाच्या १९६९ च्या टोकिओ अधिवेशनात भारतीय प्रतिनिधी आनंद मोहन नरुला यांच्या प्रस्तावावरून ठरला. टपालसेवाही बदलतात : डेन्मार्कमध्ये पोस्टनॉर्ड या टपालकंपनीने २०२५ अखेर पत्रवाटप थांबविले व ते काम खासगी वाहकाकडे गेले. जोडीदार ठरविताना तेथील कार्ड कोण वाटते, हे विचारून घ्यावे.