विहीर भरली, पण पाणी किती?

परतीचा पाऊस चांगला झाला की काठोकाठ भरलेल्या विहिरीकडे पाहून शेतकरी निश्चिंत होतो आणि नव्या उसाची बेणी लावायला घेतो. ही निश्चिंती कितपत खरी, हे मात्र विहीर सांगत नाही. ते तिच्या भोवतालचा खडक सांगतो. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भूभाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेल्या लाव्हाच्या थरांचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. त्यातल्या सलग काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ शिरतच नाही. जे काही साठते ते वरच्या मुरमात, मांजऱ्या, म्हणजे सच्छिद्र, खडकातील एकमेकींशी जोडलेल्या पोकळ्यांत आणि पाषाणाला पडलेल्या भेगांत.

भूजलाचा अंदाज बांधताना अशा खडकाची उपसता येणारी साठवण साधारण दोन टक्के धरली जाते. खडकाचे १०० घनमीटर आकारमान घेतले, तर उपशाला मिळणारे पाणी जेमतेम दोन घनमीटर, तर नदीकाठच्या वाळूच्या गाळात तेच प्रमाण सोळा टक्क्यांपर्यंत जाते. त्यामुळे विहिरीची पातळी पाच मीटर चढली, तरी शिवाराच्या पोटात प्रत्यक्ष वाढलेले पाणी १०० मिलिमीटर जाडीच्या थराएवढेच असते, आणि झपाट्याने भरलेली विहीर तितक्याच झपाट्याने का आटते, याचे उत्तरही याच आकड्यात आहे.

आता मुरण्याचा हिशेब. केंद्राच्या भूजल मूल्यांकन समितीच्या १९९७ च्या पद्धतीत, झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पडणाऱ्या पावसापैकी सुमारे सात टक्के पाणी मुरते असे गृहीत धरले आहे. वर्षाला ४०० मिलिमीटर पावसाच्या गावात ते भरते २८ मिलिमीटर. उसाला वर्षभरात किमान १,५०० मिलिमीटर पाणी लागते. पडलेला सगळा पाऊस त्याच्याच मुळांना मिळाला असे उदारपणे मानले, तरी १,१०० मिलिमीटर विहिरीतूनच काढावे लागते. म्हणजे एक हेक्टर ऊस जवळपास चाळीस हेक्टरांवर मुरलेले पाणी पितो. बंधारे आणि समतल चर यांनी मुरणे वाढते हे खरे, परंतु इतकी मोठी तफावत त्यांनी भरून निघत नाही.

हे गणित शास्त्रज्ञांना नवे नाही. १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजते. अडचण अशी की ही नोंद बराच काळ कार्यालयातच राहिली आणि गावात बोअर कुठे घ्यायची हे पाणाड्याच्या तळहातावरचा नारळ ठरवत राहिला. (नारळ उभा राहिला आणि पाणी लागले, एवढेच लोकांच्या लक्षात राहते, कोरड्या गेलेल्या बोअरी कोणी मोजत नाही.)

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ही नोंद ग्रामसभेत आणली. १९८९ मध्ये सरपंच झालेल्या पोपटराव पवार यांच्या काळात तेथे पाणलोटाची कामे झाली, शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि ऊस-केळीवर गावाने स्वतःच बंदी घातली, आणि या शतकाच्या आरंभापासून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे जवळपास ९८ लाख लिटर पाणी आले. या जमेतून आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढतात, मग वापराचे, आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरतात. माझ्या मते या प्रयोगातील खरी मोलाची गोष्ट बंधारे नसून ही वजाबाकी आहे, कारण बंधारा कंत्राटदारही बांधून देतो, पण शेजाऱ्याचा उपसा आपल्या विहिरीतून वजा होतो हे गावाला स्वतःच मान्य करावे लागते.

कायद्याचा आधारही आहे. राज्याच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला मनाई केली, आणि २००९ च्या अधिनियमाने शेती व उद्योगासाठीच्या ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आणले. परंतु रात्रीतून २०० मीटर खाली उतरणाऱ्या यंत्रावर पहारा कोण ठेवणार? शिवाय खडकातली भेग गावाची शीव ओळखत नाही, त्यामुळे वरच्या गावाने ताळेबंद पाळला आणि खालच्याने नाही, तर हिशेब चुकतोच. म्हणून ही मांडणी एका गावापुरती न राहता एकाच भूजलसाठ्यावर विसंबलेल्या सर्व गावांची मिळून व्हायला हवी, आणि तीही ऑक्टोबरच्या मोजणीनंतर लगेच, रब्बीची पेरणी होण्याच्या आत.