दसऱ्याची फाईल का उघडेना?

प्रभादेवी-लोअर परळ पट्ट्यातल्या छोट्या डिझाइन ऑफिसांत साधारण एकच मांडणी दिसते. डिझाइनवाल्यांकडे मॅक, हिशेबाला विंडोज, आणि राउटरशेजारी लिनक्सवर चालणारा एक डबा, ज्याला सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. सणांच्या जाहिरातींची घाई सुरू झाली की नेमकी तेव्हाच एखादी फाईल रुसते. शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ढळढळीत दिसते, पण डबल-क्लिक केलं की उत्तर येतं, ‘अशी फाईल सापडली नाही.’ निदान ठरलेलं: करप्ट झाली.

बऱ्याचदा फाईल ठणठणीत असते. भांडण चाललेलं असतं तिच्या नावावरून.

नेटवर्कवरची फाईल उघडताना तुमचं मशीन सर्व्हरच्या डिस्कला हात लावत नाही. ते फक्त ‘या नावाची फाईल दे’ अशी विनंती पाठवतं. ही विनंती कोणत्या भाषेत करायची त्याचे नियम म्हणजे एसएमबी. हा प्रोटोकॉल १९८३च्या सुमारास आयबीएममध्ये जन्मला आणि पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवला. लिनक्सला ही भाषा येते ती सांबा नावाच्या सॉफ्टवेअरमुळे. अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात केली. मधला दुवा इतका पक्का असूनही गाडं अडतं, कारण ‘तेच नाव’ म्हणजे काय यावर तिन्ही सिस्टिमचं एकमत नाही.

सोपे मतभेद आधी उरकू. विंडोजला नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारका अशी नऊ चिन्हं चालत नाहीत. लिनक्सला स्लॅश आणि शून्य किमतीचा बाइट सोडून काहीही चालतं. मॅक तुम्हाला ‘बिल १२/५’ असं नाव बिनदिक्कत देऊ देतो आणि आतल्या आत त्या स्लॅशचा कोलन करतो. विंडोजवर मग तिथे चौकोन तरी दिसतो, नाहीतर अख्ख्या नावाचंच ‘~’वालं विचित्र लघुरूप होतं. टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी, जेमतेम चार केबीची ‘जाहिरात’ विंडोजवर उघडत नसेल, तर ती मुळात जाहिरातच नव्हे. मॅकने स्वतःच्या नोंदींसाठी ठेवलेली ती जोडफाईल आहे, खरी फाईल शेजारीच असते.

आता माझ्या आवडीच्या अक्षराकडे येतो: ‘दसऱ्याची’मधला ऱ.

युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ऱ ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९३१. पण तेच अक्षर दोन तुकड्यांतही लिहिता येतं: साधा र (०९३०) आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब (०९३सी). ही दोन्ही रूपं समान मानावीत असं युनिकोड सांगतं. एकाला जोडरूप म्हणू, दुसऱ्याला सुटं रूप. तिसराही मार्ग आहे. र, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचं न दिसणारं चिन्ह. त्यानंतर य आला की पडद्यावर तोच डौलदार अर्धा र उमटतो. मात्र हे तिसरं रूप युनिकोडच्या लेखी पहिल्या दोघांच्या समान नाही.

हे क्रमांक बाइटांत साठवायची नेहमीची पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्तही स्वतंत्र चिन्हं. त्यामुळे ‘दसऱ्याची’ जोडरूपात २४ बाइटचं, सुट्या रूपात २७चं आणि तिसऱ्या रूपातही २७चं, पण ते २७ वेगळे. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर ऱ ची स्वतंत्र कळ आहे, ती दाबणाऱ्याचं नाव जोडरूपात पडतं. हलन्त-जॉइनरची सवय असलेला शेजारचा माणूस तोच शब्द लिहितो आणि डोळ्यांना तसूभर फरक दिसत नाही.

लिनक्सला अक्षरं कळतच नाहीत. त्याच्या नेहमीच्या फाईल सिस्टिमला, म्हणजे डिस्कवर फायली मांडणाऱ्या व्यवस्थेला, नाव म्हणजे बाइटांची माळ, एक मणी वेगळा की फाईल वेगळी. विंडोजची एनटीएफएस कॅपिटल-स्मॉल सारखं मानते, पण जोडरूप आणि सुटं रूप वेगळंच धरते. मॅकची १९९८ची एचएफएस प्लस फाईल सिस्टिम प्रत्येक नाव सक्तीने सुटं करून साठवायची. २०१७ला आलेली एपीएफएस तसं करत नाही, दोन्ही रूपं एकच समजते.

समजा, जुन्या मॅकच्या डिस्कवरून कुणी बॅकअपच्या कमांडने फायली थेट लिनक्सवर उतरवल्या. नावं सुट्या रूपात गेली. आता मॅकवरून तो फोल्डर उघडला की यादीत नाव दिसतं, कारण यादी सर्व्हरने पाठवलेली असते. क्लिक केल्यावर मात्र मॅक विनंती पाठवताना नाव जोडरूपात बांधतो. सर्व्हर २४ बाइटचं नाव शोधतो, त्याच्याकडे आहे २७चं. नाही सापडलं! त्याच मशीनवरून नाव बदलायला किंवा फाईल डिलीट करायला जा, तेही जमत नाही, कारण ती विनंतीसुद्धा नावानेच जाते. विंडोज यादीतलं नाव जसंच्या तसं परत पाठवतो, म्हणून तिथे क्लिकने उघडते. पण एक्सेलच्या लिंकमध्ये तेच नाव हाताने टाइप केलंत, तर तिथेही ठणठणगोपाळ.

अशा वेळी सगळ्यांना ‘फुल कंट्रोल’, म्हणजे फाईलवरचे सगळे अधिकार, देऊन टाकणं हा आपल्याकडचा रामबाण उपाय. नावाचा घोळ त्याने सुटत नाही, उलट दारं उघडी राहतात. ‘एआयने करप्ट फाईल दुरुस्त करा’ म्हणणारी विकाऊ सॉफ्टवेअरं फाईलच्या पोटात शोधत बसतात. खंडेनवमीला सर्व्हरला झेंडूचा हार घालतात त्याला माझी हरकत नाही, पंख्याची जाळी झाकू नका म्हणजे झालं. पण ‘नजर लागली’ म्हणून लिंबू-मिरची बांधण्याआधी सर्व्हरवरच लॉगिन करून त्या फाईलला ‘१’ असं नाव द्या. उघडली, तर आजार नावाचाच होता.

शेकडो फायली असतील तर लिनक्सवर ‘कन्व्हएमव्ही’ नावाचं साधन आहे. ते सुटी नावं जोडरूपात आणतं आणि स्पष्ट हुकूम दिल्याशिवाय काही बदलत नाही, काय बदलेल ते नुसतं दाखवतं. जॉइनरवाली नावं त्याच्या हाती लागत नाहीत. त्यासाठी ऑफिसने कीबोर्ड एकच ठरवलेला बरा. मराठी नावं सोडून रोमनमध्ये लिहा, हा सल्ला मला पटत नाही.

मराठीला एक जाच मात्र खरा आहे. विंडोज नावात २५५ चिन्हं मोजतो, लिनक्स २५५ बाइट. म्हणजे निव्वळ देवनागरीत फक्त ८५ चिन्हं. ‘दिनांक १२ ऑक्टोबर रोजी झालेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची नवीन अंतिम दुरुस्त प्रत’ हे नाव विंडोजच्या हिशेबात ९४ चिन्हांचं, अगदी आरामात बसणारं. लिनक्सवर ते वर्डच्या ‘.docx’ या एक्स्टेन्शनसकट २६३ बाइट होतं आणि कॉपी अडते. ‘नवीन’ काढा, २५० होतात आणि फाईल निमूट जाते.