देवाचा दरबार

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी आयुष्याच्या अखेरीस सुरू केलेले ख्रिस्तभक्तांचे भ्रातृमंडळ. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात सारखाच प्रवेश होता.

स्थापनेचे वर्ष सामान्यतः १९१७ धरतात. त्या सुमारास टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि अहमदनगरहून साताऱ्यास मुक्काम हलविला. या घडामोडी एकाच ओघातल्या असल्याने प्रारंभाचा नेमका दिवस सांगण्यापेक्षा वर्ष देणेच युक्त ठरते. कल्पना मात्र बरीच जुनी असावी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेताना टिळकांनी तो परदेशी मिशनऱ्याऐवजी भारतीय पाळकाच्या (ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या) हातून घेतला होता.

दरबाराच्या मुळाशी राष्ट्रभावना होती की भक्ती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. वंगभंगानंतरचा स्वदेशीचा जोर आणि १९१६ पासूनची होमरूल चळवळ यांच्याशी काळ जुळत असल्याने काहीजण त्याकडे स्वराज्याच्या मागणीचे धार्मिक रूप म्हणून पाहतात. मिशनचा पैसा परदेशातून येई व निर्णयाचा अधिकारही बव्हंशी परदेशी मिशनऱ्यांच्या हाती असे, ही वस्तुस्थिती या मताला बळ देते. इंग्रज मिशनरी जे. सी. विन्स्लो यांनी लिहिलेल्या टिळकांच्या चरित्रात (१९२३) भक्तीच्या अंगावर अधिक भर आहे. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे टिळक सांगत; त्यांचे अभंग व कीर्तने पाहता विन्स्लो यांचा कल अधिक ग्राह्य वाटतो. तथापि टिळकांच्या लेखी हे दोन प्रश्न वेगळे नव्हते. ख्रिस्तापुढे मोकळ्या मनाने उभे राहण्यासाठी भारतीय माणसाला आधी कोणा परक्याची रीत अंगीकारावी लागू नये, हा त्यांचा आग्रह देशाभिमानाचा होता आणि श्रद्धेचाही.

याच धारणेची एक आधीची खूण पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याचे जोखड मानेवर घ्यायला त्यांनी निक्षून नकार दिला होता. बंगालमध्ये कालीचरण बॅनर्जी यांनी १८८७ मध्ये काढलेला ख्रिस्तो समाज हाही त्याच जातीचा प्रयत्न. टिळकांवर त्याचा थेट प्रभाव होता, असे मात्र म्हणता येत नाही.

दरबार ही मंडळीबाहेर (म्हणजे चर्चबाहेर) मांडलेली वेगळी चूल होती काय, हाही वादाचा मुद्दा आहे. टिळकांनी मंडळीशी नाते तोडले नाही आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांनाही दरबारात स्थान ठेवले. त्यामुळे तो नवा पंथ नव्हता, असे म्हणणे सयुक्तिक होय. बाप्तिस्म्याला त्यांचा विरोध नव्हता. केवळ त्या विधीवरून माणसाचे शिष्यत्व मोजणे त्यांना मान्य नव्हते. ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन ते १९१२ पासून करीत होते, त्यामुळे या विचारांना वाचकवर्गही लाभलेला होता.

संघटना म्हणून दरबार अल्पजीवी ठरला. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि त्यानंतर तो लवकरच विसकटला. १९२२ मध्ये विन्स्लो यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघ या आश्रमवजा ख्रिस्ती संघामागे टिळकांची प्रेरणा होती. पुढे पुण्यास आलेल्या या संघात पुढे मानवशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेलेले इंग्रज धर्मोपदेशक व्हेरिअर एल्विन १९२७ मध्ये दाखल झाले आणि तेथूनच गांधीजींच्या चळवळीकडे वळले. टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही गायिली जातात.