सर्टिफिकेट आहे म्हणजे वस्तू अस्सल?

विज्ञानपटातलं हेल्मेट किंवा बंदूक विकायला काढणारे बहुतेक जण आधी सर्टिफिकेट पुढे करतात. ‘कागद आहे, म्हणजे माल खरा’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे. असा कागद कुणीही छापू शकतं. सही करणाऱ्याची पत जेवढी, तेवढंच त्याचं वजन.

जाणकार आधी पडद्याकडे बघतात. हाताने रंगवलेल्या हेल्मेटवर एखादा ओघळ असतो, कडेला टवका उडालेला असतो, स्क्रू किंचित तिरका बसलेला असतो. फ्रेम थांबवून या खुणा एकेक करून जुळवतात. साचा एकच असला तरी टवका दोन प्रतींवर हुबेहूब उडत नाही! मग पाहायचं, की ही जवळून चित्रित झालेली वस्तू आहे की मारामारीसाठी केलेली रबरी प्रत. भावात प्रचंड फरक पडतो.

शिवाय ती स्टुडिओतून कुणाकुणाच्या हातून आली, याच्या पावत्या, पत्रं हवीत. एवढी खातरजमा का, तर अस्सल वस्तूचा भाव कुठवर जातो ते बघा: ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) मधला रॉबी यंत्रमानव २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ५३ लाख ७५ हजार डॉलरला गेला, सोबत त्याची जीपही होती.

आणि विकण्याआधी वस्तू घासूनपुसून, रंगवून चकाचक करू नका. पुराव्याच्या खुणाच त्यात जातात.