कॉपीराइटची मुदत आणि आवृत्ती संपलेली पुस्तकं (ग्रामीण विदर्भ)

लेखकाचा आणि त्याच्यानंतर वारसांचा पुस्तकावरचा हक्क किती वर्षं चालतो, ती कॉपीराइटची मुदत. १९५७ च्या कायद्यात ती लेखक गेल्यावर ५० वर्षं होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ ला गेले, त्यांचं साहित्य १९९१ अखेर मोकळं होणार होतं, तेव्हा मुदत वाढवून ६० केली आणि ती सगळ्यांनाच लागू झाली, म्हणजे ज्याची एकुलती एक आवृत्ती कधीचीच संपली त्या वऱ्हाडातल्या लेखकालाही. मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून होते.

अमरावतीत शिकलेले ज्ञानकोशकार केतकर १९३७ ला गेले, मुदत वाढायच्या आधीच ५० वर्षांच्या हिशोबाने १९८८ पासून त्यांचं लेखन मोकळं झालं होतं, आज ज्ञानकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो. नागपूरचे ग. त्र्यं. माडखोलकर १९७६ ला गेले, त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३७ पर्यंत थांबायचं. नावाजलेल्या लेखकाचं काहीतरी छापलं जातंच, खरा मार बसतो तो तालुक्याच्या गावी छापलेल्या पुस्तकांना: गावाचा इतिहास, दंडार-खडीगंमत ह्या इकडच्या लोकनाट्यांवरचं लेखन, एखाद्या मास्तरांचा कवितासंग्रह. प्रेस बंद पडलेला, मुलं पुण्या-मुंबईकडे, परवानगी मागायची कोणाला हेच कळत नाही, मग कोणी छापत नाही, विकत मिळत नाही, आणि कोणाला एक रुपयाही न मिळता कुलूप मात्र कायम राहतं. ह्यात लेखकाचं काय भलं झालं?

तोवर कागद थांबत नाही. त्या काळचा स्वस्त कागद पिवळा पडून कडांनी तुटायला लागतो, पान उलटलं की कोपरा हातात येतो, वरून पावसाळ्यात गळणारं छत आणि उधई. सरकारी वर्गवारीत खालच्या, क किंवा ड वर्गाच्या वाचनालयात अशी एकच प्रत असते, ती गेली की पुस्तक गेलं.

कायद्यात वाट आहे पण गावच्या ग्रंथपालाला ती कोणी सांगत नाही. कलम ५२ नुसार पुस्तक भारतात विकत मिळत नसेल तर नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी तीन प्रतींपर्यंत काढता येतात, म्हणजे साधी झेरॉक्स चालते, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे असलेली प्रत जतनासाठी स्कॅन करून ठेवता येते. ती फाईल सगळ्यांसाठी नेटवर टाकायची सूट मात्र ह्यात नाही. वारसांचा पत्ताच लागत नसेल तर कलम ३१ अ खाली सक्तीचं लायसन्स, म्हणजे वारसांच्या होकाराशिवाय छापायची परवानगी, मागता येतं, पण त्यासाठी आधी पेपरात जाहिरात आणि मग कोर्टात अर्ज, गडचिरोली-वाशीमच्या छोट्या वाचनालयाला हे झेपणं अवघडच.

हयात लेखकाला हे सगळं टाळता येतं. कलम २१ प्रमाणे कॉपीराइट रजिस्ट्रारला ठरलेल्या फॉर्ममध्ये नोटीस देऊन किंवा जाहीर नोटीस काढून तो आपले हक्क सोडू शकतो, सगळे किंवा त्यातले काही.