ग्रोमॅक्सला जीपीयू सापडत नाही? नवा ड्रायव्हर टाकण्याआधी हे वाचा

ग्रोमॅक्स या रेणूंचं सिम्युलेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी आमच्याकडून ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) किंवा पूर्ण वर्कस्टेशन घेतलेल्या रसायनशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान विभागांसाठी हे पत्रक आहे. उबुंटू आणि टर्मिनल तुमच्या रोजच्या वापरातले आहेत, असं धरून लिहिलं आहे.

‘कार्ड बिघडलं’ म्हणून आमच्याकडे येणाऱ्या मशिन्समध्ये कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. एका ड्रायव्हरवर दुसरा ड्रायव्हर टाकलेला असतो.

घडतं ते असं. विद्यार्थी ॲप्टने ड्रायव्हर टाकतो. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेला कोड रोखणारी मशिनची सोय) चालू असेल तर मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितलं जातं. त्यानंतर मशिन रीस्टार्ट झालं की निळी स्क्रीन येते आणि १० सेकंद थांबते. तिथे कुठलीही कळ दाबून ‘एनरोल मॉक’ (ड्रायव्हरची सही ओळखणारी की नोंदवणं) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. पण रीस्टार्ट बहुधा हॉस्टेलवरून, एसएसएचने केलेलं असतं. लॅबमधल्या मॉनिटरसमोर कोणीच नसतं. १० सेकंद निघून जातात, मशिन नेहमीसारखं चालू होतं आणि ड्रायव्हरची सही ओळखीची नसल्यामुळे कर्नल त्याला आत घेत नाही. कार्डाची स्थिती दाखवणारी एनव्हिडिया-एसएमआय ही कमांड म्हणते, ड्रायव्हरशी संपर्क होत नाही. मग घाबरून एनव्हिडियाच्या साइटवरून ड्रायव्हरची डॉट-रन फाइल (ॲप्टशिवाय चालणारा इन्स्टॉलर) उतरवली जाते आणि आहे त्याच्यावरच चालवली जाते.

खरं तर ती सहीची ‘की’ पुन्हा एकदा नोंदवायला देऊन, मॉनिटरसमोर बसून रीस्टार्ट केलं असतं तर काम पाच मिनिटांत झालं असतं.

डॉट-रन फाइल आपल्या फायली परस्पर सिस्टिममध्ये टाकते, ॲप्टला त्याचा पत्ता नसतो. पुढच्या अपडेटला ॲप्ट स्वतःच्या फायली बदलतं आणि कर्नलमधला भाग एका आवृत्तीचा, लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची, अशी सरमिसळ होते. ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ हा संदेश तेव्हा येतो. साध्या अपडेटनंतरही तो येऊ शकतो आणि मग नुसतं रीस्टार्ट पुरतं, म्हणून आधी तेवढं करून पाहा. सरमिसळच झाली असेल, तर डॉट-रनचा स्वतःचा अनइन्स्टॉलर चालवायचा, ॲप्टची एनव्हिडिया पॅकेजेस पर्ज करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यात अर्धा दिवस मोडतो. या कामाचे आम्ही वेगळे पैसे घेतो ते त्यामुळेच. वॉरंटी कार्डाची आहे.

दुसरा नेहमीचा प्रश्न कूडाच्या, म्हणजे कार्डावर गणितं चालवणाऱ्या एनव्हिडियाच्या प्रणालीच्या, आकड्याचा. एनव्हिडिया-एसएमआयमध्ये वर दिसणारं ‘कूडा व्हर्जन’ म्हणजे तुमचा ड्रायव्हर जास्तीत जास्त कोणत्या आवृत्तीपर्यंत चालेल तो आकडा. टूलकिट (कूडाचे प्रोग्राम बांधायची साधनं) बसवलेलं आहे की नाही, हे त्यातल्या एनव्हीसीसी कंपायलरची आवृत्ती विचारल्यावर कळतं. टूलकिट हवं असल्यास एनव्हिडियाच्या रेपॉझिटरीतलं ‘कूडा-टूलकिट’ घ्या. नुसतं ‘कूडा’ घेतलंत तर सोबत ड्रायव्हरही येतो, आणि वरचा सगळा प्रकार पुन्हा सुरू.

उबुंटूच्या रेपॉझिटरीतलं ग्रोमॅक्स कूडाशिवाय बांधलेलं असतं. ते सोर्सवरून, सीमेकला (बांधणीची तयारी करणारं साधन) जीपीयूसाठी कूडा सांगूनच बांधावं. ग्रोमॅक्सच्या लॉग फाइलच्या सुरुवातीला ‘जीपीयू सपोर्ट’ ही ओळ असते, तिथे कूडा लिहिलेलं हवं.

‘तुम्ही जुना कूडा दिलात’ अशी तक्रार येते. कूडाची प्रत्येक आवृत्ती जीसीसी या कंपायलरच्या ठरावीक आवृत्तीपर्यंतच चालते. कूडा १२.० जीसीसी १२ च्या पुढे जात नाही आणि उबुंटू २४.०४ मध्ये जीसीसी १३ येतो. ग्रोमॅक्स, कूडा, जीसीसी आणि ड्रायव्हर यांचं एकमेकांशी जमतं हे पाहूनच आम्ही मशिन देतो आणि ड्रायव्हरची पॅकेजेस होल्डवर (अपडेट होणार नाहीत अशी) ठेवतो. मध्यरात्री आपोआप अपडेट होऊन रांगेतलं पुढचं सिम्युलेशन अडू नये, एवढ्यासाठीच. कृपया होल्ड काढू नका.

मशिन घेताना तुमच्याच कामाची टीपीआर फाइल (ग्रोमॅक्सला चालवायला द्यायची तयार इनपुट फाइल) द्या. ती चालवून दिवसाला सिम्युलेशनचे किती नॅनोसेकंद मिळतात ते आम्ही लिहून देतो. पुढे वेग कमी वाटला तर त्याच कागदाशी ताडून पाहता येतं. वार्षिक देखभाल करार घेतलेल्यांचं अपडेट आम्ही तुमची रांग रिकामी असताना, समक्ष येऊन करतो.

फोन करण्याआधी एनव्हिडिया-एसएमआयचा आणि डीकेएमएस (कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणारी सोय) स्टेटसचा आउटपुट, लॉग फाइलच्या पहिल्या पन्नास ओळी आणि शेवटचं रीस्टार्ट कोणी, कुठून केलं, एवढं पाठवा. आणि डॉट-रन फाइल चालवली असेल तर तसं मोकळेपणाने सांगा; आमचा पहिला तास वाचतो.