मळ्यातला कुत्रा अचानक लुळा पडतो तेव्हा

खानदेशात पावसाळ्यात कपाशीवर फवारण्या सुरू असतात, आणि साप निघण्याचे दिवसही तेच. राखणीचा कुत्रा पायांवर उभा राहीना, की ‘लकवा मारला’ म्हणत तेल चोळलं जातं. पण बिघाड बऱ्याचदा मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सूक्ष्म जोडणीत असतो.

त्याआधी एक पथ्य. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, म्हणून घशात हाड अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालू नका. मुका रेबीज असाच दिसतो.

तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन हे रसायन निघतं, स्नायूवरच्या ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं आणि स्नायू आकसतो. मग एक विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करून टाकतं. प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं हे विकरच अडवतात. रसायन साचतं: लाळ, हगवण, बारीक बाहुल्या, फडफडणारे स्नायू, शेवटी लुळेपणा. ॲट्रोपिन या उताऱ्यानं लाळ आटते, स्नायूंची ताकद मात्र परतत नाही. त्यामुळे लाळ थांबली म्हणून कुत्र्याला घरी नेण्याची घाई नको. मान आणि पाय काही वेळा एक-दोन दिवसांनीही ढिले पडतात.

सापांची तऱ्हा वेगळी. नागाचं विष ग्राही बंद करतं, मण्यारीचं विष तंतूचं टोकच निकामी करतं. म्हणून ॲसिटिलकोलीन टिकवून ठेवणारं निओस्टिग्मिन हे औषध नागदंशात उपयोगी पडतं, मण्यारीच्या दंशात फारसं नाही. मण्यार चावली तर सूज जवळपास येत नाही आणि केसांत खूणही सापडत नाही. रात्री भुंकणारा कुत्रा सकाळी उठेना, तर चांगला डॉक्टर आधी तिचाच संशय घेतो.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू थकवणारा आजार सावकाश उघड होतो. यात शरीर स्वतःच्याच ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. कुत्रा थोडं चालून बसतो, विसावला की पुन्हा चालतो. अन्ननलिका सैल पडून खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर येतं. मालक त्याला उलटी म्हणतात, पण उलटीत पोट आवळून उमासे येतात. इथे अन्न नुसतं ओघळतं. हा फरक सांगितलात तर डॉक्टर छातीचा एक्स-रे काढतील आणि प्रतिपिंडांसाठी रक्त पाठवतील.

तपासणीत गुडघ्यावर हातोडी मारून झटका येतो का, पंजा चिमटल्यावर पाय मागे घेतला जातो का, हे पाहतात. स्नायूच्या आजारात रक्तातलं क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतलं विकर वाढलेलं सापडू शकतं. तंतूंची विद्युत चाचणी आणि बायोप्सी लहान दवाखान्यात होत नाहीत. दवाखान्यात जाताना फवारणीच्या औषधाची बाटली आणि चालीचा मोबाइल व्हिडिओ सोबत न्या; टेबलावर ठेवलेला घाबरलेला कुत्रा चालून दाखवत नाही.